निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०: वाऱ्याचा आकडा आणि वाऱ्याची बाजू

२ जून २०२० रोजी भारतीय हवामान विभागाने दिलेल्या इशाऱ्याचा गाभा असा होता: अरबी समुद्रातील 'निसर्ग' हे वादळ तीव्र चक्रीवादळ होऊन ३ जूनच्या दुपारी हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ किनारा ओलांडेल आणि त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, तर झोतांचा वेग १२० किलोमीटरपर्यंत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वेळ जुळली, तीव्रता जुळली आणि जागाही सांगितलेल्या पट्ट्यातच राहिली.

तरीही त्या दिवसाच्या दोन अगदी वेगळ्या आठवणी आज सांगितल्या जातात. मुंबईत 'वादळ आलेच नाही, उगाच घाबरवले' असे म्हणणारे अनेक भेटतात. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड आणि दापोली तालुक्यांत मात्र 'एवढे येईल असे वाटले नव्हते' हे वाक्य ऐकू येते. एकाच इशाऱ्याबद्दल एकीकडे अतिशयोक्तीची आणि दुसरीकडे अपुरेपणाची तक्रार असावी, हे मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे अंग वाटते. माझे मत असे आहे की या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. लोकांनी वाऱ्याचा आकडा ऐकला, पण आपण वादळाच्या कोणत्या बाजूला आहोत आणि वारा आपल्यावर कोणत्या दिशेने येणार आहे, हे ना कोणी विचारले, ना ते पुरेशा स्पष्टपणे कोणी सांगितले. दिशेवाचून सांगितलेला वेग हा अर्धाच अंदाज असतो. पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्यासाठी आहे.

वादळाचा प्रवास

लक्षद्वीपच्या परिसरात ३१ मे रोजी कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जूनला त्याचा अवदाब (चक्रीवादळाच्या आधीची पायरी) झाला, २ जूनच्या दुपारपर्यंत ते चक्रीवादळ झाले आणि ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतले ते पहिलेच नाव होते. प्रारंभी वादळ साधारण उत्तरेकडे सरकत होते, नंतर ते ईशान्येकडे वळले. मुंबई आणि गोवा येथील डॉप्लर रडारांच्या टप्प्यात आल्यामुळे अखेरच्या काही तासांत त्याचे केंद्र जवळजवळ सलग दिसत होते.

किनारा ओलांडण्याची जागा दिवेआगर ते मुरूड या पट्ट्यात होती. अलिबागपासून दिवेआगर सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला आहे आणि कुलाब्यापासून सुमारे ८०. नकाशावर बोटाच्या पेराएवढे दिसणारे हे अंतर चक्रीवादळाच्या बाबतीत किती निर्णायक ठरते, हे पुढे येईलच. किनाऱ्यावर आल्यावर वादळ रायगडमधून पुण्याच्या बाजूने आत गेले आणि दिवस मावळेपर्यंत त्याचा जोर उतरला. पण तोवर माड-पोफळीच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या, वाड्या झोपल्या होत्या, कौले आणि पत्रे उडाले होते, विजेचे खांब वाकले होते आणि दूरध्वनीचे जाळे बंद पडले होते. दक्षिण रायगडमधील काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. हे सारे करोनाच्या टाळेबंदीत घडले, त्यामुळे मुंबई-पुण्यात अडकलेल्या कित्येक कुटुंबांना आपल्या घराचे काय झाले हे कळायलाही बराच काळ गेला.

आकडा नेमका कशाचा असतो

'ताशी ११० किलोमीटर' हे शब्द ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सलग, एकसारख्या वेगाने वाहणारा वारा येतो. प्रत्यक्षात हा आकडा तीन अटींवर उभा असतो आणि त्या अटी सहसा बातमीत येत नाहीत.

पहिली अट काळाची. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा वेग सांगताना तीन मिनिटांची सरासरी वापरतो. अमेरिकी नौदलाशी संबंधित केंद्र एका मिनिटाची सरासरी देते, तर जागतिक हवामान संघटनेची सर्वसाधारण शिफारस दहा मिनिटांच्या सरासरीची आहे. काळ जितका लहान, तितका सरासरी आकडा मोठा येतो. त्यामुळे एकाच वादळाबद्दल परदेशी संकेतस्थळावर मोठा आणि आपल्याकडे लहान आकडा दिसला, तर कोणीतरी लपवाछपवी करत आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मोजण्याची पट्टी वेगळी आहे, एवढेच. झोत ही आणखी निराळी गोष्ट आहे. काही सेकंद टिकणारा वाऱ्याचा तो जोराचा हिसका असतो, आणि पत्रा उडतो किंवा झाड मोडते ते बहुधा सरासरी वाऱ्याने नव्हे, तर झोताने.

दुसरी अट उंचीची. सांगितलेला वेग मोकळ्या जागेत जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, घरांच्या आणि झाडांच्या आडोशाला तो बराच कमी भरतो. उलट दहा मीटरच्या वर तो वाढत जातो. चाळीस-पन्नास फूट उंच पोफळीचा सगळा पर्णभार नेमका या वाढीव वाऱ्यात असतो, म्हणून अंगणात उभ्या माणसाला जाणवणाऱ्या वाऱ्यावरून पोफळीवर काय बेतणार आहे याचा अदमास घेता येत नाही.

तिसरी अट जागेची, आणि या प्रकरणात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. इशाऱ्यातला वेग हा वादळातला कमाल वेग असतो. तो केंद्राभोवतीच्या एका अरुंद, वर्तुळाकार कड्यात, आणि त्या कड्याच्याही एका बाजूला आढळतो. वादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा असला, तरी कमाल वेगाचा प्रदेश त्या मानाने फारच लहान असतो. कड्यापासून दूर जावे तसा वारा उतरत जातो आणि केंद्राच्या अगदी आत तो जवळजवळ थांबतो. म्हणजे रायगड, मुंबई, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी जेव्हा एकच आकडा जाहीर होतो, तेव्हा त्याचा अर्थ 'या चारही जिल्ह्यांत सर्वत्र एवढा वारा वाहील' असा नसून 'या पट्ट्यात जिथे केंद्र येईल तिच्या एका बाजूला एवढा वारा वाहील, आणि ती जागा आज नक्की सांगता येत नाही' असा असतो. हरिहरेश्वरपासून दमणपर्यंतचे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. चोवीस तास आधी केंद्राच्या जागेत बऱ्याच किलोमीटरांचा फरक पडणे आजच्या शास्त्रातही स्वाभाविक आहे, त्यामुळे संपूर्ण पट्ट्याला एकच आकडा देणे हीच २ जूनला जबाबदारीची गोष्ट होती. मुंबईला 'तुम्ही सुरक्षित बाजूला आहात' असे त्या दिवशी सांगणे धोक्याचे ठरले असते, कारण केंद्र थोडे उत्तरेला सरकले असते तर ते विधान खोटे पडले असते.

आणखी एक गोष्ट शाळेत शिकलेली असूनही इशारा ऐकताना आपण विसरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर ढोबळ मानाने १७ किलो वजनाएवढा जोर लावतो, ताशी १२० किलोमीटरचा झोत सुमारे ७० किलो. वेग दुप्पट, जोर चौपट. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्र्यावर ६० च्या वाऱ्यात सुमारे ५० किलोचा भार येत असेल, तर १२० च्या झोतात तो २०० किलोच्या पुढे जातो. दरवर्षीच्या मृगातल्या सोसाट्याला टिकलेले छप्पर याही वाऱ्याला टिकेल, हा अंदाज येथेच कोसळतो. आपल्या इमारतींच्या मानकात मुंबईसाठी पायाभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे, तर पुण्यासाठी ३९ मीटर. अभियंत्याने आखलेली काँक्रीटची इमारत त्यामुळे अशा वादळात सहसा उभी राहते. कोकणातले कौलारू घर, गोठा, पडवीवर नंतर घातलेला पत्रा यांपैकी बहुतेक कोणत्याही मानकाने बांधलेले नसते.

उजवी बाजू, डावी बाजू

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्याच वेळी संपूर्ण वादळ पुढे सरकत असते. वादळाच्या प्रवासाच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, तर उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग एकमेकांत मिसळतात, डाव्या हाताला ते एकमेकांतून वजा होतात. समजा, फिरणारा वारा ताशी ९० किलोमीटरचा आहे आणि वादळ ताशी २० किलोमीटरने पुढे चालले आहे, तर उजवीकडे सुमारे ११० आणि डावीकडे सुमारे ७० असा वारा मिळेल. वर्गाचा हिशेब लावला तर दोन बाजूंच्या दाबात जवळपास अडीच पटींचा फरक पडतो.

निसर्ग वादळ ईशान्येकडे तोंड करून किनाऱ्यावर आले. त्यामुळे त्याच्या उजव्या हाताला दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरी आले, तर डाव्या हाताला अलिबागचा उत्तर भाग आणि मुंबई. वेगातील फरक हे याचे निम्मेच स्पष्टीकरण आहे. उरलेले निम्मे दिशेत आहे.

डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम खलाशांना आजही शिकवला जातो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असते. जमिनीच्या आणि पाण्याच्या घर्षणामुळे वारा थोडा केंद्राकडे वळतो, म्हणून ते नेमके डाव्या हाताला नसून किंचित पुढच्या बाजूला असते, पण या कामासाठी एवढा नियम पुरेसा आहे. तो ३ जूनला लावून पाहू.

मुंबईत सकाळी केंद्र नैऋत्य-दक्षिणेला होते, म्हणून वारा पूर्वेकडून येत होता. केंद्र दक्षिणेकडून आग्नेयेला सरकले तसा तो ईशान्येकडे आणि मग उत्तरेकडे वळणार, हे नियमातूनच निघते. हा सगळा वारा जमिनीवरून येणारा आहे. ठाण्याच्या डोंगरांवरून, दाट वस्तीवरून, उंच इमारतींमधून घासत येताना त्याची सरासरी खाली येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा वारा किनाऱ्यावरचे पाणी समुद्राकडे ढकलतो. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल भागांत नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच पाणी चढण्याचा जो इशारा दिला होता, तो केंद्र शहराच्या उत्तरेला किंवा शहरावर आले असते तर भयंकर खरा ठरला असता. डावी बाजू मिळाल्यामुळे मुंबई त्यातून वाचली. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ७२ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. तोही लहान वारा नव्हे. त्याने झाडे पाडली आणि विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला. पण इशाऱ्यातल्या कमाल आकड्यापासून तो दूर होता.

श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूला दिशांचा क्रम याच्या उलट. आधी पूर्वेकडून, मग दक्षिणेकडून, केंद्र वायव्येला पोहोचले की नैऋत्येकडून आणि शेवटी पश्चिमेकडून. यातला जोराचा भाग थेट समुद्रावरून येतो, जिथे त्याला अडवायला लाटांखेरीज काहीही नसते. वेगाची बेरीज आणि अडथळ्याचा अभाव या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या.

येथे एक साधा, पण फार उपयोगी नियम निघतो. वादळ जवळ येत असताना वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून पश्चिमेकडे फिरत असेल, तर आपण वादळाच्या उजव्या बाजूला आहोत. ती काट्यांच्या उलट, पूर्वेकडून उत्तरेकडे फिरत असेल, तर डाव्या बाजूला. आणि दिशा जवळजवळ न बदलता वारा वाढतच चालला असेल, तर केंद्र आपल्या अंगावर येत आहे. या शेवटच्या स्थितीतील माणसाला मध्येच शांतता अनुभवाला येते. ती शांतता वादळ संपल्याची खूण नसते. केंद्र पुढे गेले की वारा जवळजवळ उलट्या दिशेने, अचानक, पूर्ण जोरात येतो, आणि आधीच्या वाऱ्याने सैल केलेली झाडे व छपरे या दुसऱ्या फेरीत जातात. मोबाइलचे जाळे बंद पडल्यावर, वीज गेल्यावर, कोणताही इशारा पोहोचत नसताना हा नियम फक्त उंबरठ्यावरून दिसणाऱ्या झावळ्यांच्या कलावरून वापरता येतो. म्हणून तो प्रत्येक किनारी गावात शाळेपासून शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

वाडीला ठाऊक असलेला वारा

कोकणातल्या माणसाला वारा कळत नाही, असे मुळीच नाही. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे, रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे, एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वायव्येकडून चढणारा वारा आणि जूनपासून नैऋत्येचा मोसमी वारा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. होडी कधी लोटायची आणि कधी परतायची, सुपारी कुठे वाळवायची, घराचे तोंड कुठे करायचे, हे सारे या ज्ञानावर ठरते. वाड्यांची रचनाही त्यातूनच आली आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड यांच्या किनाऱ्यांवर सुरूची बने आहेत, समुद्राच्या बाजूने केवड्याचे आणि इतर झाडांचे कुंपण असते, पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पडवीला झडीपासून बचाव म्हणून झावळ्या बांधल्या जातात. थोडक्यात, वाडीची ढाल पश्चिमेला असते.

चक्रीवादळाचा पहिला वारा पूर्वेकडून येतो. त्या बाजूला ढाल नसते, कारण एरवी त्या बाजूने येणारा मतलई वारा मंद असतो. पोफळीच्या बागेत झाडे एकमेकांच्या आडोशाने उभी असतात. कडेची रांग पडली की आतली रांग उघडी पडते. पोफळीचे खोड वीतभरही जाड नसते, मुळे तंतूंसारखी आणि उथळ असतात, आणि सगळा भार शेंड्याला असतो. माड वाकून वारा सोसतो, पोफळ मध्यावर मोडते. आधी पूर्वेकडून आणि काही तासांनी नैऋत्येकडून असे दोन विरुद्ध बाजूंचे धक्के बसल्यावर बागेत आडोसा म्हणून काही उरत नाही. नवी पोफळ लावली तर पहिली सुपारी हाती यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि सुपारीच्या सावलीत वाढणारी जायफळ, मिरी, विड्याच्या पानांचे वेल यांचीही सावली त्याच दिवशी गेलेली असते. वाऱ्याच्या काही तासांची किंमत अशी वर्षांत मोजावी लागते.

जमिनीची घडणही वारा बदलते, आणि मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे पाहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. हवामानाचा अंदाज देणारी संगणकी प्रारूपे (मॉडेल) पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. सर्वांत चांगल्या जागतिक प्रारूपाचा चौकोन त्या वर्षी सुमारे ९ किलोमीटरचा होता, इतरांचा त्याहून मोठा. श्रीवर्धन तालुक्यात ९ किलोमीटरांत समुद्र, पुळण, गाव, टेकडी आणि खाडी हे सगळे येते. प्रारूपाला तेथे एक गुळगुळीत उतार दिसतो. प्रत्यक्षात समुद्राला भिडलेल्या टेकडीच्या माथ्यावर वारा दाटून वेग घेतो, तिच्या आडोशाच्या बाजूला भोवरे होतात, आणि राजपुरीची खाडी किंवा सावित्रीच्या मुखाशी असलेली बाणकोटची खाडी नैऋत्येच्या वाऱ्याला नळीसारखी आत घेऊन जाते. किनाऱ्यापासून बरेच आत असलेल्या म्हसळ्यासारख्या ठिकाणी फटका बसल्याचे पाहून आश्चर्य वाटते, पण वाऱ्याला रस्ता कुठून होता हे नकाशावर पाहिले की ते आश्चर्य कमी होते. जमिनीवर आल्यावर वाऱ्याची सरासरी घटते, झोत मात्र तितक्या प्रमाणात घटत नाहीत. खडबडीत भूमीवर उलट ते अधिक अनियमित होतात. म्हणून पडद्यावरच्या रंगीत नकाशातून वादळाची हालचाल समजून घ्यावी, स्वतःच्या अंगणातला आकडा त्यातून काढू नये.

मोजणीचीही येथे अडचण आहे. हवामान विभागाच्या जुन्या किनारी वेधशाळा अलिबाग आणि हर्णै येथे आहेत, आणि या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत ९० किलोमीटरांचे अंतर आहे. वादळाचे सर्वांत जोरदार कडे अशा दोन वेधशाळांच्या मधून सहज निघून जाऊ शकते. अशा वेळी मोडलेली झाडेच नोंदवही होतात. झाडे कोणत्या दिशेला पडली, कोणती आधी आणि कोणती त्यांच्यावर नंतर पडली, हे साफसफाईपूर्वी होकायंत्र घेऊन गावागावांत टिपले गेले, तर कोणत्या टेकडीने कोणाला वाचवले आणि कोणत्या घळीने वारा आत आणला याचा नकाशा तयार होतो. पुढच्या वादळात त्या गावासाठी तो कोणत्याही प्रारूपापेक्षा अधिक खरा असेल.

बंदरावरचा बावटा

बाजूचा विचार नवा नाही, आणि या प्रकरणाचा अभ्यास करताना मला सर्वाधिक चटका लावणारी गोष्ट हीच आहे. 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणात सर्वांच्या कानांवरून गेलेले असते. जहाजांना वादळाचा इशारा देण्यासाठी बंदरावर लावल्या जाणाऱ्या या खुणांचे क्रमांक केवळ वाढत्या धोक्याचे आहेत, असा सार्वत्रिक समज आहे. पहिल्या चार क्रमांकांपुरता तो बराचसा बरोबर आहे. पण पाच, सहा आणि सात हे क्रमांक एकाच तीव्रतेच्या वादळासाठी आहेत. पाचचा अर्थ वादळ या बंदराला आपल्या मार्गाच्या डावीकडे ठेवून जाईल, सहाचा अर्थ उजवीकडे ठेवून जाईल, आणि सातचा अर्थ ते बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ आणि दहा हेच तीन अर्थ अधिक तीव्र वादळासाठी पुन्हा सांगतात. अकराचा अर्थ हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे.

म्हणजे शिडाच्या जहाजांच्या काळापासून चालत आलेल्या या पद्धतीने वादळाची बाजू हीच बातमी मानली होती. नांगर कुठे टाकायचा, जहाजाचे तोंड कुठे ठेवायचे, दोर कोणत्या बाजूने दुहेरी करायचे, हे बाजू कळल्याशिवाय ठरत नाही हे त्या लोकांना ठाऊक होते. घराघरांत इशारा पोहोचवण्याची साधने नंतर अफाट वाढली, पण त्या प्रवासात बाजू गळून पडली आणि आकडा तेवढा उरला. ३ जूनच्या सकाळी रडारवर केंद्राचा मार्ग बराच स्पष्ट झाल्यावर, श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या गावांसाठी सर्वांत मोलाचे वाक्य 'वादळ तुमच्या उत्तरेकडून जाणार आहे, तुम्ही त्याच्या उजव्या हाताला आहात, दुपारी वारा समुद्रावरून फिरून येईल' हे होते. दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्या वेळी बहुतांशी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यांवर होते. 'अलिबागजवळ' हा शब्द ऐकून दक्षिणेकडच्या माणसाला वादळ आपल्यापासून दूर चालले आहे असे वाटणे साहजिक होते, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट होती: केंद्र आपल्या थोडे उत्तरेला असणे ही या किनाऱ्यावरची सर्वांत वाईट जागा आहे.

अकरा महिन्यांनी उलट बाजू

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. ते निसर्गपेक्षा कितीतरी अधिक बलवान होते, पण त्याचे केंद्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कुठेही चढले नाही. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जात ते पुढे गुजरातमध्ये जमिनीवर चढले. १७ मे रोजी ते मुंबईच्या पश्चिमेकडून, शंभराहून अधिक किलोमीटर दूर समुद्रातून गेले, आणि कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. निसर्गचे केंद्र कुलाब्यापासून त्याहून जवळ जमिनीवर आले होते. या फरकातला काही वाटा तौक्तेच्या अधिक ताकदीचा आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाच्या पूर्वेला असलेले शहर त्याच्या उजव्या हाताला असते, आणि तेथे वारा पुढे आग्नेय-दक्षिणेकडून, पाण्यावरून मोकळा येतो, हा भागही त्यात आहे. 'वादळ मुंबईत धडकणार नाही' ही बातमी दोन्ही वेळा अक्षरशः खरी होती. एका वेळी तिचा अर्थ दिलासा होता, दुसऱ्या वेळी नव्हता.

त्याआधीचे फयान, ११ नोव्हेंबर २००९ चे, अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. म्हणजे अलिबागच्या आसपास वादळ येणे ही या किनाऱ्याच्या आठवणीबाहेरची घटना नाही, आणि त्याही वेळी रायगडचा मोठा किनारा उजव्या बाजूला होता.

असा इशारा पुन्हा येईल तेव्हा श्रीवर्धनच्या वाडीवाल्याने तो कसा वाचावा, हे २ जून २०२० च्या संध्याकाळच्या माहितीवरून दाखवता येते. केंद्र श्रीवर्धनच्या उत्तरेला कुठेही आले तरी आपण उजवीकडे. म्हणून जाहीर झालेला कमाल आकडा आपल्यासाठीच आहे असे धरायचे. सकाळी वारा पूर्वेचा, म्हणून गोठ्याची आणि घराची पूर्वेकडची दारे-खिडक्या आधी बंद करायच्या, त्या बाजूचे सैल पत्रे दोरखंडाने आणि जड वजनांनी बांधायचे. दुपारनंतर वारा दक्षिणेवरून नैऋत्येला फिरणार, म्हणून घरातली माणसे, धान्य आणि कागदपत्रे ईशान्येकडच्या, भक्कम भिंतीच्या खोलीत आधीच न्यायची. होडी नेहमीच्या जागी पुळणीवर न ठेवता खाडीत ठेवली, तरी नैऋत्येच्या वाऱ्याला उघड्या असलेल्या काठावर नव्हे, तर टेकडीच्या आडच्या काठावर ओढायची. गुरे पोफळींच्या किंवा जुन्या आंब्या-फणसांच्या खाली बांधायची नाहीत. आणि दुपारी एकाएकी वारा पडला, तर बाहेर जाऊन नुकसान पाहण्याआधी झावळ्यांकडे लक्ष ठेवून निदान तासभर घरातच थांबायचे, कारण पुढचा झोत मागच्या दाराने येणार आहे.